भाऊंचा टिनाचा डब्बा

भाऊ माझ्याकडे तोंड करून कधी बोललेच नाहीत. डब्ब्यापासून दहा-बारा हातांवर ते दाराकडे पाठ करून उभे राहायचे, काठी जमिनीवर आपटायचे आणि समोरच्या बांधाला नाहीतर बैलाला सांगितल्यासारखं म्हणायचे, "बाई, पानी तापलं हाय. भांडं बाहेर ठेवा." मी तेव्हा जेमतेम विशीतली आणि ते चाळिशीच्या पुढचे. तरी मला बाई, माझ्या आईलाही बाई. दोघींतली कोण हवी हे आम्ही आवाजावरून ओळखायचो. आईला हाक मारताना आवाज मोठा असायचा, मला मारताना तो एकदम खाली यायचा, जणू माझं असणं हीच गुपचूप सांगायची गोष्ट होती.

मी झाडीपट्टीतल्या नाटकांत काम करायची. चांद्याच्या पलीकडे, वैनगंगेच्या अंगानं पसरलेल्या त्या जंगलाच्या मुलखात धान कापून झाला की नाटकं लागतात. मोकळ्या झालेल्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, मांडव पडतो, रात्रभर नाटक चालतं आणि उजाडताना संपतं. आधी बायकांची कामं पुरुषच करत. त्या सुमाराला लोकांना खरी बाई पाहिजे झाली आणि गावोगावची मंडळं नागपूरहून गाणाऱ्या मुली आणायला लागली. वडील गेल्यावर आमचं घर माझ्या गळ्यावर आलं, म्हणून मीही गेले. सोबतीला आई. तिला दमा होता.

लोकांना खरी बाई पाहिजे होती ती मांडवात. मांडवाबाहेर ती झोपणार कुठं, हे कोणीच ठरवलेलं नव्हतं. पहिल्या वर्षी एका गावी आम्हाला शाळेची पडवी दिली, दुसऱ्या गावी बकऱ्यांचा गोठा. विहिरीवर बायका आम्हाला थोडं लांब उभं करायच्या आणि पाणी उंचावरून ओतायच्या. काल रात्री माझ्या गाण्यावर पदर डोळ्यांना लावलेल्या त्याच बायका. आई म्हणायची, "वाईट नको वाटून घेऊ पोरी. आपण पाहुणे नाही आहोत. आपण नाटकाचं सामान आहोत." हे ती मला समजावायला म्हणायची, पण म्हणताना स्वतःच खाली बघायची.

भाऊ चामोर्शीकडच्या एका गावच्या मंडळाचे कारभारी. घरचा धान होता, घर होतं, लढाईच्या काळात लष्करात ट्रक चालवून आलेले होते. त्या बकऱ्यांच्या गोठ्यात सकाळी ते आम्हाला बिदागी द्यायला आले. आम्ही दोघी धानाच्या तणसावर बसलो होतो आणि माझ्या तोंडावर रात्रीचा रंग तसाच होता, कारण धुवायला पाणीच मिळालं नव्हतं. भाऊंनी पाहिलं. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं, आता हे आम्हालाच रागावतात. पण ते वळले आणि निघून गेले. बिदागी नंतर पेटीवाल्याच्या हातून आली.

पुढच्या हिवाळ्यात आम्हाला घ्यायला ते मोटारस्टँडवर आले तेव्हा बाहेर तो डब्बा उभा होता.

लष्कराच्या जुन्या सामानाच्या लिलावात त्यांनी तो घेतला होता. मोटारीच्या मागं जोडून ओढायची दोन रबरी चाकांची गाडी, तिच्यावर टिनाची खोली. एक दार, जाळी लावलेली एक वीतभर खिडकी, छताला हवेसाठी भोक आणि आत समोरासमोर दोन फळ्या. मोटार कुठून आणणार? भाऊंनी पुढचा लोखंडी दांडा कापून तिथं लाकडी दांड्या बसवल्या होत्या आणि जू ठेवलं होतं. दोन पांढरे बैल तो लष्करी डब्बा ओढत चालले की पोरं मागं धावायची, "डब्बा आला रे, डब्बा आला!" मी खिडकीपासून दूर बसायची. भाऊ मात्र पुढं ताठ बसायचे. "मिलिट्रीत मोठमोठे साहेब अशात राहत," ते बैलांना सांगायचे. खरं-खोटं बैलांना माहीत.

मुक्कामावर पोचलं की ते डब्ब्याभोवती चार खुंट्या ठोकून दोरी बांधायचे. दोरीच्या आत पुरुषानं यायचं नाही. हा नियम त्यांनी स्वतःलाही लावला होता. एकदा दाराची कडी निसटली तर आम्हाला बाहेर यायला लावलं, लांब चिंचेखाली उभं केलं आणि मग पाय जमिनीवर ठेवून, फक्त हात आत घालून त्यांनी ती कडी बसवली. घामानं निथळले, पण पायरीवर पाय ठेवला नाही. झोपायचे दोरीच्या बाहेर, उघड्यावर, घोंगडी गुंडाळून.

आणि मग थंडी.

ज्यांनी झाडीतली जानेवारीतली पहाट पाहिली नाही त्यांना वाटतं, चांदा म्हणजे ऊन. तळ्याच्या काठाला, मोकळ्या बांध्यांत थंडी अशी उतरते की हनुवटी आपल्या ताब्यात राहत नाही. आणि त्यात टीन. बाहेर थंडी पडायची त्याच्याआधी ती आत पडायची. आमच्या श्वासांचं पाणी व्हायचं आणि छतावरून थेंब थेंब अंगावर गळायचं. आई रात्रभर उशीला टेकून बसायची. तिच्या छातीतला आवाज टिनातून बाहेर ऐकू जायचा.

भाऊंनी थंडीशी भांडण मांडलं. "हिव म्हनजे दुश्मन हाय," ते म्हणायचे. "त्याले रस्ता भेटला नाई पाह्यजे." रोज बांधावर ते परातभर पाणी ठेवायचे आणि पहाटे त्यात बोट घालून जाहीर करायचे, "आज नुसतं गार," नाहीतर "आज दात वाजतीन." त्याप्रमाणे दिवसाची तयारी. आधी त्यांनी डब्ब्याला बाहेरून शेणमातीचा लेप दिला. पहिल्याच नाल्यात डब्बा आदळला आणि अर्धी भिंत रस्त्यावर पडली. मग तणसाच्या पेंढ्या चारी बाजूंनी बांधल्या. एका गावी गाईंनी एक अख्खी बाजू खाऊन टाकली. मग डब्ब्याच्या पोटाखाली दोन वासरं बांधली, त्यांची ऊब फळ्यांतून वर येईल म्हणून. ऊब आली की नाही माहीत नाही, पण माझं विरहाचं गाणं ऐन रंगात आलेलं असताना दोन्ही वासरं एकदम हंबरली आणि सगळा मांडव हसून लोळला. शेवटी विटा. शेकोटीत विटा तापवून, बारदान्यात गुंडाळून, लांब काठीनं ते दारातून आत सरकवायचे. आम्ही त्या पायांशी घ्यायचो.

लोक हसत होते. आम्ही मात्र हसू शकलो नाही. घरदार असलेला माणूस आमच्यासारख्यांसाठी विटा भाजतो, हे आम्हाला सोसत नव्हतं. कोणी आपल्यासाठी इतकं करावं याची सवयच नव्हती आणि सवय नसलेलं सुख अंगाला बोचत राहतं. एकदा मी खिडकीतून म्हटलं, "भाऊ, तुम्ही बाहेर गारठता. आम्हाला आतली ऊब जड होते."

ते बैलाकडे बघत म्हणाले, "मले हिव नाई लागत, बाई."

कुरखेड्याच्या बाजूला एका गावी आमचा मुक्काम होता तेव्हा तणसावर पहाटे दव गोठून पांढरं झालं. परातीत भाऊंच्या बोटाला बर्फाचा पापुद्रा लागला. ते धावत दोरीपाशी आले आणि ओरडले, "बाई! जमलं!" त्या आवाजात भीती होती, पण थोडा आनंदही होता, दुश्मन एकदाचा समोर आल्याचा. त्या दिवशी त्यांनी रॉकेलचा पिपा कापून शेगडी केली. डब्ब्याची एकेक फट चिंध्यांनी बुजवली, खिडकीला पोतं ठोकलं आणि छतातलं भोकही वर चढून तणसानं गच्च भरलं. नाटक संपलं, उजाडलं, आम्ही रंग अर्धामुर्धा पुसून आत गेलो तर आत कोळसे लाल फुललेले. मी लुगडं उतरवून ठेवलं, कारण कित्येक दिवसांत पहिल्यांदा अंगावरचं काही उतरवावंसं वाटलं होतं. आई म्हणाली, "अगं, माहेर वाटतंय गं." आम्ही दार लावून झोपलो.

पुढचं मला पेटीवाल्यानं सांगितलं. त्या दिवशी गावचा बाजार होता. ऊन बरंच वर आलं, तरी डब्ब्यातून हालचाल नाही. भाऊंनी पाणी तापवलं आणि काठी आपटली. उत्तर नाही. पुन्हा आपटली. आईचा खोकलाही ऐकू येईना. पेटीवाला म्हणाला, "दार तोडू." भाऊ त्याच्यापुढं आडवे झाले. "थांब. आत बाया हायत. बाईमानूस आनतो." आणि ते गावात पळाले.

पहिल्या घरची बाई म्हणाली, आमच्या घरी पूजा आहे. दुसऱ्या घरच्या सासूनं सुनेला आत ओढलं. तिसऱ्या दारात एकजण स्पष्टच बोलली, "नाटकातल्या बाईले हात लावाले आमी कायले येऊ जी?" भाऊ खांद्यावरचा दुपट्टा पसरून उभे होते म्हणे. मग ते तसेच परत पळाले, दोरी तोडली आणि खांद्यानं दार आत घातलं.

मला आठवतं ते आभाळ. निळंभोर आणि फार जवळ. मग पोटाला लागलेला वारा. मग कळलं की मी परकर-पोलक्यात जमिनीवर पडलेय आणि माझ्याभोवती बाजार उभा आहे. टोपल्या डोक्यावर घेतलेल्या बायका, कोंबडा काखेत धरलेला एक म्हातारा. माझ्या तोंडावर अर्धा राणीचा रंग. भाऊ माझ्याकडे पाठ करून उभे होते आणि त्यांनी मागच्या मागं माझ्यावर घोंगडी फेकली होती. न बघता फेकलेली, म्हणून ती फक्त पायांवर पडली होती. बाजूला आई ओकत होती, आणि ओकता ओकता एका हातानं ती घोंगडी माझ्या छातीवर ओढत होती. कोणी हसलं नाही. हसले असते तर मी डोळे मिटून पडून राहिले असते. ते नुसते बघत होते.

आम्ही वाचलो. दुपारपर्यंत डोकं फुटल्यासारखं दुखत होतं, एवढंच. भाऊ मात्र चिंचेखाली बसले ते उठेनात. जेवले नाहीत. आई आधार घेत त्यांच्यापर्यंत गेली.

"भाऊ, तुमच्यामुळं जीव वाचला आमचा."

"शेगडी ठेवनारा कोन?" ते झाडाला म्हणाले. "मीच."

"पण काढलंही तुम्हीच ना?"

"आधी काढाचं होतं. दार समोर होतं आन मी गावभर हिंडून राह्यलो, बाईमानूस पाह्यजे म्हनून. लोक काय म्हनतीन म्हनून. तेवढ्यात तुमी मेल्या असत्या तं?" मग ते म्हणाले, "आन आत गेलो ते गेलोच. ते बी झालं."

यातली कोणती लाज त्यांना जास्त जाळत होती, मला तेव्हा कळलं नाही. त्यांनाही कळत नसावी.

त्या रात्री मांडव कधी नव्हता इतका भरला. सकाळी जिला बाजारात पाहिली ती बाई बघायला आजूबाजूच्या गावांतून लोक आले. मी राणी झाले, गायले, रडले. टाळ्या पडल्या. मला एकच दिसत होतं की पुढच्या रांगेतले लोक माझ्या डोळ्यांकडे बघत नाहीत.

बातमी आमच्या बैलांपेक्षा लवकर चामोर्शीकडे पोचली. दोन-तीन दिवसांनी, आम्ही पुढच्या गावी असताना, एक बैलगाडी येऊन थांबली आणि तीतून भाऊंच्या पत्नी उतरल्या. बारीक, सावळ्या, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत. भाऊ बैलांना पाणी दाखवत होते, ते तिथंच खिळले. आईनं माझा हात घट्ट धरला. आम्हाला वाटलं, आता केस धरून बाहेर ओढते.

त्या दोरीपाशी थांबल्या. "मी आत येऊ का जी?" त्यांनी विचारलं.

आम्हाला असं आजवर कोणी विचारलं नव्हतं. आई नुसती मान हलवत राहिली.

त्या आत आल्या आणि फळीच्या कडेला बसल्या. पेंढ्यांना हात लावला. पोत्याचा पडदा चिमटीत धरून पाहिला. फटींतल्या चिंध्या एकेक बघितल्या. विटांवर तळवा ठेवला. बराच वेळ.

"हे सारं त्याईनं केलं?"

"हो," आई म्हणाली. "देवमाणूस आहे हो. आमच्यासाठी फार केलं."

बाईंनी मान डोलावली. मग त्या बोलल्या, आवाज न चढवता, पण बाहेर बैलांपाशी ऐकू जाईल इतपत. "घरची मागची भीत पावसात पडली. दोन हिवाळे झाले. मी बांबूचा तट्टा लावून झोपते. वारा सारा अंगावर येते. मी बोलली नाई. मले वाटे, याईले हिव लागतच नाई, मिलिट्रीतला मानूस. ज्याले हिव लागत नाई त्याले काय सांगाचं?" त्यांनी पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं. "आता समजलं. त्याईले समजते हिव."

बाहेर बैलांनी पाणी पिणं संपवलं होतं, तरी भाऊ बादली धरून उभे होते. त्यांनी मान वर केली नाही. मला वाटलं, या बाईंनी मला शिव्या द्याव्यात, माझ्या तोंडावर थुंकावं. ते मला ठाऊक होतं, ते झेलता आलं असतं. माझ्या पायांशी पहाटेच्या विटा होत्या आणि त्या अजून कोमट होत्या. मी पाय वर घेतले.

बाईंचं लक्ष गेलं. "तुमी कायले लाजता?" त्या म्हणाल्या. "तुमी काय मांगतलं होतं?"

त्यांनी चहा घेतला नाही. लगेच निघाल्या. भाऊ गाडीमागं तळ्यापर्यंत चालत गेले आणि परत आले. मग वर चढून त्यांनी छताचं भोक मोकळं केलं, फटींतल्या चिंध्या काढल्या. उरलेल्या नाटकांत त्यांनी विटा तापवल्या, पण काठीनं आत सरकवायचं काम पेटीवाल्याला दिलं. परतताना स्टँडवर आमची पेटी खाली ठेवून ते मोटारीच्या चाकाला म्हणाले, "संभाळून जा, बाई."

पुढच्या वर्षी त्यांचं बोलावणं आलं नाही. मंडळ त्यांनी सोडलं, असं कळलं. आई त्याच पावसाळ्यात गेली.

तीन-चार हिवाळे गेल्यावर मी दुसऱ्या एका मंडळाबरोबर चामोर्शीकडे गेले. त्यांना कोणी सांगितलं असेल ठाऊक नाही, पण नाटक नव्हतं त्या दिवशी भाऊंच्या बायकोचा निरोप आला, घरी जेवायला या, मुक्कामाला या. मी नको म्हणणार होते. पण गावातल्या घरात मला कोणी मुक्कामाला बोलावलं, असं पहिल्यांदाच घडत होतं.

मागची भिंत उभी होती. नुसती उभी नाही, दोन हात जाड, किल्ल्याला शोभावी अशी, आणि तीत एकही खिडकी नाही. बाईंनी माझी नजर पाहिली. "उन्हाळ्यात उकडून मरतो आमी," त्या म्हणाल्या. डब्बा कुठं आहे, हे मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. भाऊ थकले होते, एका बाजूनं केस पार पांढरे झाले होते. ते ओसरीत भिंतीकडे तोंड करून जेवले. एकदा भिंतीलाच विचारलं, "बाई, भात गरम हाय ना?"

"हाय," बाईंनी उत्तर दिलं. तो प्रश्न माझ्यासाठी होता की त्यांच्यासाठी, हे आम्हा तिघांपैकी कोणीच उलगडून पाहिलं नाही.

जेवणं झाल्यावर बाईंनी माझं अंथरूण आपल्या शेजारी घातलं. मग पेटी उघडली आणि खालून एक दुलई काढली. मऊ, लाल, जाड कापसाची. घड्या करकरीत होत्या, कधीच उलगडली नसावी. "नागपूरहून आनली होती त्याईनं," त्या म्हणाल्या. "त्याच साली. मी पांघरली नाई."

"का हो?"

"मी सांगतल्यावर आनली ना." त्यांनी दुलई माझ्या अंगावर घातली आणि काठ नीट खोचला. स्वतः जुनी वाकळ ओढून माझ्याकडे पाठ करून पडल्या.

मला त्या दुलईखाली झोप येईना. ऊब अशी होती की अंगाला चटके बसावेत. शेजारी त्या वाकळीखाली गोळा होऊन पडल्या होत्या आणि जागा असलेला माणूस घेतो तसा सावकाश श्वास घेत होत्या. बऱ्याच वेळानं मी दुलईचा काठ उचलला आणि तसाच धरून ठेवला. हात भरून आला. मग त्या वळल्या आणि आत आल्या.

त्यांचे पाय माझ्या पायांना लागले.

"लय गार हायत ना?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"खोटं नका बोलू," त्या म्हणाल्या, आणि पाय तसेच राहू दिले.